गाळ जातो कुठे? : माती, धातू आणि ऑक्सिडीकरणाचा इतिहास



आरंभीच एक कबुली देतो. मी बी. ए., बी. एड्. झालेला, इतिहास शिकविणारा शिक्षक आहे. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर तुटला, तो तुटलाच. तेव्हा ‘उत्प्रेरक’ या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील तर ते विचारणे रास्तच आहे. परंतु हा लेख मी आपणहून लिहिलेला नाही. नववीतल्या एका मुलीने तो माझ्याकडून लिहवून घेतला आहे.

गेल्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालली होती. विज्ञानाच्या बाई दोन दिवस रजेवर होत्या, म्हणून प्रयोगशाळेत लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. मुली एक सोपा प्रयोग करीत होत्या. परीक्षानळीत पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे द्रावण घ्यायचे (जुन्या घरांत गुळण्यांसाठी जे जांभळे खडे असत, तेच हे), त्यात गोडेतेलाचे थेंब टाकायचे आणि नळी खूप हलवायची. हळूहळू जांभळा रंग जातो. तेलाच्या रेणूंत कार्बनचे दुहेरी बंध असतात, परमँगनेट त्या बंधांना ऑक्सिजन देऊन टाकते आणि स्वतःचा रंग गमावते. अल्कीन, म्हणजे दुहेरी बंध असलेली हायड्रोकार्बन संयुगे, ओळखण्याची ही जुनी परीक्षा आहे.

रंग गेला, मुलींनी टाळ्या वाजविल्या. एक मुलगी मात्र नळी उजेडाकडे धरून उभी होती. तळाशी तपकिरी गाळ बसला होता. ती म्हणाली, “सर, हा गाळ कुठे जातो?”

“बेसिनमध्ये ओत,” मी म्हणालो.

“तिथून कुठे जातो, सर?”

मला उत्तर देता आले नाही. मांजरीच्या माणसाला खरे तर ते ठाऊक असायला हवे. पुण्यातून वाहणारे सारे काही मुळा-मुठेतून आपल्याच शिवारावरून पुढे जाते. मी घरी येऊन वाचू लागलो, बाईंना विचारू लागलो, आणि एका गाळाच्या मागे केवढा मोठा इतिहास उभा आहे ते माझ्या ध्यानात आले. तो इतिहास आपणांपुढे ठेवतो. इतिहास सांगणे एवढेच माझे काम आहे. त्यातील रसायनशास्त्र बाईंनी तपासून दिले आहे.

गाळाचा हिशेब

बाई रजेवरून परतल्यावर त्यांनी फळ्यावर एक समीकरण मांडले. इथिलीन, ज्याला पाठ्यपुस्तकात इथीन म्हणतात, हे सर्वांत साधे अल्कीन होय. परमँगनेटच्या साहाय्याने त्याचे ग्लायकॉल बनविले, तर १८६ ग्रॅम ग्लायकॉलमागे १७४ ग्रॅम मँगनीज डायऑक्साइड उरते. हाच तो तपकिरी गाळ. शिवाय ११२ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड वेगळेच. म्हणजे हवा तो माल एक किलो बनवायचा, तर जवळजवळ तेवढाच गाळ काढून टाकावयाचा. परीक्षानळीत हे चालून जाते. कारखान्यात टनांनी माल काढायचा झाला, तर गाळाचेही तितकेच टन होतात. परमँगनेटऐवजी क्रोमियमची संयुगे वापरली तर गाळ अधिकच घातक, कारण त्यात राहून गेलेले षट्संयुजी क्रोमियम विषारी असते.

या गोष्टीचा हिशेब ठेवण्याची सवय रसायनशास्त्राला फार उशिरा लागली. एक किलो मालामागे किती किलो टाकाऊ पदार्थ निघतो, याची मोजणी रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ साली मांडली. खनिज तेल शुद्ध करण्याच्या धंद्यात हे प्रमाण किलोमागे सुमारे १०० ग्रॅम होते. औषधनिर्मितीत मात्र ते २५ ते १०० किलो किंवा त्याहूनही अधिक निघाले. जो धंदा सर्वांत शुद्ध पदार्थ बनवितो, तोच प्रमाणाने सर्वांत जास्त घाण करतो, असे दिसून आले! आमच्या मुलीचा प्रश्न शेल्डनच्या प्रश्नापेक्षा निराळा नव्हता.

मग यावर उपाय काय? ऑक्सिजन तर हवेत फुकट आहे. तो परमँगनेटमधून विकत का घ्यावा? अडचण अशी की, हवेतला ऑक्सिजन एक तर काहीच करीत नाही, नाही तर सारेच जाळून टाकतो. इथिलीनला काडी लावा, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन ते संपून जाते. हवे असते ते एवढेच, की ऑक्सिजनने दुहेरी बंधापाशी यावे, तिथे जोडले जावे आणि तिथेच थांबावे. त्याला असे शिस्तीत आणणारा कोणी मध्यस्थ पाहिजे. त्या मध्यस्थाला उत्प्रेरक म्हणतात. क्रिया घडवून आणूनही जो स्वतः खर्च होत नाही, अशा पदार्थाच्या या गुणाला स्वीडनच्या बर्झीलियसने १८३५ साली नाव दिले.

धातूला माती का लागते?

पुष्कळसे उत्प्रेरक धातूंचे असतात. पण धातूचा गोळा टाकून भागत नाही. क्रिया घडते ती पृष्ठभागावर. गोळ्याच्या पोटात दडलेले अणू निरुपयोगी ठरतात. म्हणून धातू अतिशय बारीक करून कशावर तरी पसरावा लागतो, आणि पसरलेले कण पुन्हा एकमेकांना चिकटणार नाहीत अशी तजवीज करावी लागते. ज्यावर तो पसरतात त्याला आधारद्रव्य म्हणतात.

माताभगिनींना याचे घरगुती उदाहरण द्यायचे तर डालड्याचे देता येईल. भारतात डालडा १९३७ साली आला. पातळ तेलाच्या दुहेरी बंधांना हायड्रोजन जोडला की ते थिजते. हे काम निकेल धातू करतो, आणि तो निकेल पुष्कळदा किसेलगुर नावाच्या एका सच्छिद्र मातीवर बसविलेला असे. आमच्या मुलींनी तेलाच्या ज्या बंधाला ऑक्सिजन दिला, त्याच बंधाला तिथे हायड्रोजन मिळतो. म्हणजे मातीवर बसलेल्या धातूच्या हातचे आपण वर्षानुवर्षे खात आलो आहोत.

मातीची गोष्ट

आता मातीकडे वळू. मांजरी बुद्रुक हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेले. उसाच्या फडांच्या जागी इमारती आल्या. तरी काळ्या रानाचा स्वभाव जुन्या माणसांना अजून आठवतो. पावसाळ्यात पाय रुतून बसावा आणि चैत्र-वैशाखात हात जाईल एवढी भेग पडावी! पाणी मिळाले की ही माती फुगते, वाळली की आक्रसते. घर बांधणाराला तिची धास्ती वाटते ती यामुळेच. दख्खनचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. तो झिजून ही माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातील खनिज भरपूर असते. फ्रान्समधील माँटमोरिलाँ गावावरून १८४७ साली हे नाव पडले. डोक्याला लावण्याची मुलतानी मातीही मुख्यतः याच कुळातली.

या खनिजाची रचना वहीच्या पानांसारखी आहे. एकेक पान मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाएवढे जाड. दोन पानांच्या मध्ये पाणी शिरते, म्हणून माती फुगते. एका ग्रॅममधील सारी पाने उलगडून पसरली तर ७०० ते ८०० चौरस मीटर जागा व्यापतील, असा हिशेब आहे. चिमूटभर मातीत एवढे मोठे मैदान! शिवाय पानांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे सोडियम, कॅल्शियम यांसारखे धन आयन पानांच्या फटींत बसून राहतात. ते सैल बसलेले असतात. दुसरे आले की ते जागा सोडतात.

जागा सोडण्याचा हा गुण प्रथम कोणी पाहिला, हे सांगताना इतिहासाच्या शिक्षकाला विशेष आनंद होतो. तो एका शेतकऱ्याने पाहिला. इंग्लंडमधील यॉर्कशायरचे एक जमीनदार, एच. एस. थॉम्पसन, यांना विवंचना होती खताची. पाऊस पडला की खतातला अमोनिया वाहून जात असेल काय? त्यांनी मातीने भरलेल्या नळीतून अमोनियम सल्फेटचे द्रावण सोडले. खालून बाहेर आले ते कॅल्शियम सल्फेट! मातीने अमोनिया ठेवून घेतला आणि बदल्यात कॅल्शियम दिले. ही हकीकत १८५० साली प्रसिद्ध झाली, आणि जे. टी. वे या कृषी-रसायनशास्त्रज्ञाने पुढे तिचा कसून अभ्यास केला. आज लोखंड, तांबे, कोबाल्ट वा मँगनीजचे आयन मातीत बसवून उत्प्रेरक करतात, ते याच देवघेवीच्या आधाराने. धातूच्या क्षाराचे द्रावण करावयाचे, त्यात माती भिजत ठेवायची, मग धुवून वाळवायची. बस्स! एवढी साधी ही कृती आहे.

माती नुसती आधार देते असेही नाही. ती स्वतः काम करते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅममधील चार मित्रांनी मद्यार्काची वाफ तापलेल्या मातीच्या नळीतून नेली, तेव्हा त्यांना एक वायू मिळाला. क्लोरीनशी संयोग होताच त्याचा तेलकट द्रव बने. हा वायू म्हणजेच इथिलीन. ‘तेल करणारा’ या अर्थाच्या त्याच्या जुन्या नावावरून अल्कीनांना ‘ओलेफिन’ म्हणू लागले. पुढे यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने आम्लाने धुतलेल्या मातीवर जड खनिज तेलाचे तुकडे करून पेट्रोल काढले. १९३७ साली अमेरिकेतील मार्कस हुक येथे त्याचा मोठा कारखाना चालू झाला.

ऑक्सिजनला शिस्त

धातू आला, माती आली. आता ऑक्सिजन. १९३१ साली फ्रान्समध्ये तेओदोर लफोर याने शोधून काढले की, चांदीवरून इथिलीन आणि हवा नेली तर इथिलीन जळून न जाता त्याचे इथिलीन ऑक्साइड बनते. कारखान्यांत ही चांदी ॲल्युमिनावर पसरलेली असते. ॲल्युमिना हा चिकणमातीचाच एक घटक होय. तापमान असते २०० ते ३०० अंश सेल्सियसच्या दरम्यान. आधुनिक कारखान्यांत वापरलेल्या इथिलीनपैकी सुमारे ८० ते ९० टक्के भाग योग्य मार्गाला लागतो. उरलेला मात्र जळतोच. शिस्त अजून पुरती आलेली नाही. इथिलीन ऑक्साइडला पाणी जोडले की ग्लायकॉल मिळते, पॉलिएस्टरचे सूत ज्यापासून होते आणि गाड्यांच्या रेडिएटरमध्ये जे कूलंट म्हणून घालतात, तेच हे. फळ्यावरच्या समीकरणातला १७४ ग्रॅमचा गाळ इथे उरत नाही.

या साखळीचे एक टोक आपल्या गावाशी जुळते. आपल्या मांजरीत १९७५ साली उसाच्या संशोधनासाठी संस्था उभी राहिली. आज ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने देशभर ओळखली जाते. उसाची मळी आंबवून मद्यार्क होतो. त्यातले पाणी काढून घेतले की ४६ ग्रॅम मद्यार्कापासून २८ ग्रॅम इथिलीन मिळते. ॲमस्टरडॅमच्या त्या चार मित्रांचाच हा मार्ग. उत्तराखंडातील काशीपूर येथे मळीच्या मद्यार्कापासून इथिलीन, आणि त्यापासून ग्लायकॉल, मोठ्या प्रमाणावर बनविले जाते. उसाच्या रसापासून शर्टाच्या कापडापर्यंतची वाट ती हीच.

पाषाण, हैदराबाद आणि वाघोली

चांदी आणि इथिलीन यांचे जमले, पण इतर अल्कीनांना तो मंत्र लागू पडत नाही. त्यांच्यासाठी निराळे धातू, निराळे आधार शोधावे लागले, आणि रसायनशास्त्रज्ञांना पुन्हा माती आठवली. मातीची अडचण अशी की, तापविली की तिची पाने मिटतात आणि आतली जागा बंद होते. १९५५ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड बॅरर आणि त्यांचे सहकारी यांनी पानांच्या मध्ये मोठे आयन बसवून ती उघडी ठेवण्याची युक्ती दाखविली. १९७० च्या दशकात धातूंच्या ऑक्साइडांचे खांब उभे करून तीच गोष्ट पक्की झाली. मजल्यांच्या मध्ये खांब असावेत, तशी ही ‘खांबांची माती’. बेल्जियममध्ये पिएर लाझ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास लोहाचे नायट्रेट मातीवर बसवून अल्कोहोलांचे ऑक्सिडीकरण सोपे केले.

आपला देश यात मागे नव्हता. १९९० साली हैदराबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत बी. एम. चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॅनेडियमचे खांब असलेली माँटमोरिलोनाइट माती तयार केली. दुहेरी बंध असलेल्या काही अल्कोहोलांवर तिने नेमक्या त्या बंधाशीच ऑक्सिजन जोडून दाखविला. मुंबईला, १९३३ साली स्थापन झालेल्या रसायन तंत्रज्ञानाच्या विख्यात संस्थेत, कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले गणपती यादव यांनी आम्लप्रक्रिया केलेल्या मातीवर उत्प्रेरक बसविण्याचे काम अनेक वर्षे केले. पुढे ते त्या संस्थेचे प्रमुख झाले.

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तिथे १९८० च्या दशकात पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली झिओलाइटच्या उत्प्रेरकांवर फार महत्त्वाचे काम झाले. झिओलाइट ही मातीची सख्खी बहीण म्हणावी. द्रव्य तेच, सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे. मात्र पानांऐवजी तिच्यात जाळीदार खोल्या असतात. मद्यार्क आणि बेंझिन यांपासून प्लॅस्टिकच्या धंद्याला लागणारे इथिल बेंझिन बनविण्याची पद्धत या प्रयोगशाळेने काढली, आणि १९८९ च्या सुमारास ती विशाखापट्टणमच्या कारखान्यात उतरली. इटलीत १९८३ साली प्रकाशात आलेल्या टायटॅनियमयुक्त सिलिकेटवरही पाषाणला पुष्कळ संशोधन झाले. हा उत्प्रेरक हायड्रोजन पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन अल्कीनला देतो, आणि मागे उरते ते पाणी!

विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट तर नदीपलीकडची आहे. वाघोलीच्या दगडखाणींत काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून निळ्याशार रंगाचे एक दुर्मीळ खनिज निघते. त्याचे नाव कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून ते नाव बनले आहे. जगभरच्या संग्रहालयांत वाघोलीचे नमुने ठेवलेले आहेत. सिलिकेटच्या घरात व्हॅनेडियम बसविण्याचे काम हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी मेहनतीने केले. निसर्गाने त्याच धातूचे तसलेच घर आपल्या शेजारच्या खाणीत बांधून ठेवले होते. दोन्ही पदार्थ एक नव्हेत, पण नाते उघड आहे.

अपुरे राहिलेले काम

सारे काही साधले, असे मी सांगणार नाही. मातीवर बसविलेला धातू पुष्कळदा द्रावणात सुटून येतो. मग काम माती करते की सुटलेला धातू करतो, हेच कळेनासे होते. त्यासाठी क्रिया चालू असतानाच गरम द्रावण गाळून घेतात. माती काढून टाकल्यावरही क्रिया चालूच राहिली, तर समजावे की धातू निसटला. या परीक्षेत अनेक उत्प्रेरक नापास झाले आहेत. म्हणून अल्कीनांच्या ऑक्सिडीकरणासाठी मातीवर बसविलेले धातू अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत. टायटॅनियमच्या जाळीदार सिलिकेटने मात्र कारखान्याचा उंबरठा ओलांडला. २००८ साली दक्षिण कोरियातील उल्सान येथे त्या मार्गाने प्रॉपिलीन ऑक्साइड बनू लागले. जुन्या क्लोरीनच्या पद्धतीत जे अतोनात खारट सांडपाणी निघे, ते तिथे निघत नाही. १९८३ ते २००८. एका शोधाला कारखान्यापर्यंत जायला पंचवीस वर्षे लागली. हे आकडे मुलांच्या प्रगतीपुस्तकावर घाईने सही करणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवावेत.

आता प्रदर्शनाच्या दिवसाची हकीकत सांगून आपली रजा घेतो. त्या मुलीचे वडील गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतात. मुलीने घरी मातीचे आणि धातूचे बोलणे काढले असावे. ते प्रदर्शनाला आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन. जुन्या मोटारीच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून काढलेली ती जाळी होती, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. “सर, हिची किंमत आतल्या प्लॅटिनममुळे असते, एवढंच आम्हाला ठाऊक,” ते म्हणाले. “बाकी ही आहे कशाची?”

विज्ञानाच्या बाईंनी सांगितले की, जाळी आहे भाजलेल्या मातीच्या जातीची. चिनी माती, संगजिरे आणि ॲल्युमिना भाजून ती करतात. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा अगदी बारीक थर असतो. इंजिनातून न जळता आलेल्या वायूंना, त्यांत अल्कीनही आली, ती ऑक्सिजन देऊन निरुपद्रवी करते. मी इतिहासाची भर घातली. ज्या हूद्रीने मातीवर पेट्रोल काढले, त्यानेच पुढे गाडीच्या धुरासाठी असा उत्प्रेरक बनविण्याचा ध्यास घेतला. पण पेट्रोलमधल्या शिशाने उत्प्रेरक मरे, म्हणून ते काम खोळंबले. भारतात १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० साली शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले.

ते बराच वेळ जाळी हातात फिरवीत होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, पोरगी अकरावीला सायन्स म्हणते. खर्च आहे, लांब जावं लागेल. झेपेल का तिला?”

मी म्हणालो, “भाई, परीक्षेत किती गुण पडतील ते मी सांगू शकत नाही. पण ज्या प्रश्नाने हे सारे शास्त्र पुढे गेले, तो तिने कोणी न शिकविता विचारला. एवढे मी लिहून देतो.”

तेच हे लिहून दिले आहे. ती आता दहावीत आहे. घरचा निर्णय अजून झालेला नाही, आणि तो मी करावयाचा नाही. परंतु अशी मुले-मुली आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. खताच्या विवंचनेतून शेतकऱ्याने प्रश्न विचारला, तापलेल्या मातीच्या नळीपाशी चार मित्रांनी विचारला, आणि गॅरेजमध्ये जाळी हातात घेऊन एका बापानेही विचारला. अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी आपल्या मुलाला वा मुलीला जवळ बसवून एकदा विचारा, तुला कोणता प्रश्न पडतो? उत्तर आले, तर खर्चाचा विचार त्यानंतर करा. शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरून देण्यास आम्ही शिक्षक आहोतच.

ती परीक्षानळी आम्ही ओतून दिली नाही. बूच लावून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. वर स्वच्छ पाणी, तळाशी तपकिरी गाळ. शाळेत याल तेव्हा अवश्य पाहा.